स्फिंक्स: मस्कासाथच्या बिलिंगवर घासून पाहिलेलं साधन

स्फिंक्स फुकट आहे, हे आधीच सांगून टाकते. नागपुरात कुठल्याही सॉफ्टवेअरचं नाव काढलं की पहिला प्रश्न 'कितीले पडते?' हाच असतो, आणि ज्यांच्या दुकानाचं काम मी पाहते त्या शेठजींनीही तोच विचारला होता. परवाना बीएसडीचा आहे. धंद्यात वापरा, आतून बदला, कोणाला छदाम द्यायचा नाही. जातो तो वेळ. लिहिणाऱ्याचा जातो, आणि ज्याला विचारून लिहायचं त्याचा त्याहून जास्त जातो. तो वसूल होतो का, यावर हे परीक्षण आहे.

ज्यांनी नाव ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्फिंक्स म्हणजे कोडची माहितीपुस्तिका बांधणारं साधन. गेओर्ग ब्रांडल यांनी ते २००८ मध्ये बाहेर काढलं, मुळात पायथन भाषेच्या स्वतःच्या कागदपत्रांसाठी. आज पायथनची अधिकृत पुस्तिका, जँगो या वेब-चौकटीची पुस्तिका आणि २०१६ पासून लिनक्स कर्नलची कागदपत्रंही याच्यावर बांधली जातात. तुम्ही साध्या मजकुराच्या फायली लिहायच्या. कोडमध्ये फंक्शनच्या नावाखाली तिहेरी अवतरणचिन्हांत जो खुलासा लिहितात, म्हणजे डॉकस्ट्रिंग, तो स्फिंक्स स्वतः उचलून आणतं. आणि दोन्ही मिळून वेबसाइट, पीडीएफ किंवा ईपब तयार होतं. कोड आणि त्याचा खुलासा एकाच फायलीत चिकटून राहतात, यातलं खरं मोल ते. बाकीची सजावट आहे.

मी हे वापरलं ते नागपूरच्या मस्कासाथ बाजारातल्या एका घाऊक व्यापाऱ्याच्या बिलिंगवर. सुकामेवा, मसाले, धने, भिवापुरी मिरची. खाली दुकान, वर हिशेबाची खोली, माल कळमन्याच्या बाजूच्या गोदामात. गिऱ्हाईक अर्धं विदर्भातलं, अर्धं छिंदवाडा, शिवनी, बालाघाट, राजनांदगावकडचं. बिलिंग पायथनमध्ये. एकाने सुरू केलं, दुसऱ्याने वाढवलं आणि दोघंही रीतसर पुण्याला गेले. नागपूरच्या प्रोग्रामरचं ते ठरलेलंच असतं, त्यात राग मानण्यासारखं काही नाही. पण जाताना दोघांनी मिळून मागे ठेवलेला खुलासा किती? एका फायलीत 'हे हलवू नको' आणि दुसऱ्या फायलीत 'का चालते माहीत नाही, पण चालून राहिलं'. दुसरी ओळ निदान प्रामाणिक होती.

बसवायला काही लागत नाही. पिपने, म्हणजे पायथनची पॅकेजं आणणाऱ्या हुकमाने, उतरवून घ्या, 'स्फिंक्स-क्विकस्टार्ट' चालवा, चार प्रश्नांची उत्तरं द्या, की कॉन्फिगरेशनची एक फाइल आणि एक रिकामं मुखपृष्ठ तयार. चहा यायच्या आत होतं. गंमत पुढच्या पायरीला, ऑटोडॉकपाशी सुरू होते. डॉकस्ट्रिंग उचलणारा हा भाग तुमची फाइल नुसती वाचत नाही, इम्पोर्ट करतो. आणि पायथनमध्ये इम्पोर्ट म्हटलं की फंक्शनांच्या बाहेर जे काही मोकळं पडलेलं असेल ते चालणार. नीट लिहिलेल्या फायलीत असं चालणारं काम 'मेन'च्या अटीत बंद केलेलं असतं, म्हणजे फाइल थेट चालवली तरच ते सुरू होतं. आमच्या जुन्या छपाईच्या फायलीत ती अटच नव्हती. कोड फक्त दुकानाच्या मशिनवर होतं, म्हणून तिथेच बसून मी पुस्तिका बांधायचा हुकूम दिला, आणि कोपऱ्यातला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर खर्रर्र करत चाचणीचं बिल छापायला लागला. 'नमुना पार्टी, खजूर १० किलो.' मुनीमजी खुर्चीतून उठलेच.

"ताई, याले काऊन भूत लागलं?"

स्फिंक्सच्या स्वतःच्या पुस्तिकेत या वागण्याचा इशारा दिलेला आहे. जुन्या कोडवर हात घालणाऱ्याने तो पहिल्या दिवशी वाचावा. मशिनवर नसलेल्या लायब्रऱ्यांसाठी खोटे इम्पोर्ट लावायची सोयही आहे, ती आम्हाला लागली. तरी मी याला साधनाचा दोष म्हणणार नाही. ती फाइल नुसती उघडली तरी छापते, हे तोवर कोणालाच ठाऊक नव्हतं. कळलं असतं ते ऐन दिवाळीच्या गर्दीत.

दोष काढायचाच तर लिहिण्याच्या पद्धतीचा काढते. स्फिंक्सची मूळ भाषा रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट, आणि ती शिस्तीला कडक आहे. रिकामी ओळ विसरलात की यादी वरच्या परिच्छेदात मिसळून जाते. समास एका जागेने हलला की इशारा. मराठीत लिहिणाऱ्याला आणखी एक जाच: मथळ्याखाली चिन्हांची रेघ मारायची असते आणि ती मथळ्याहून आखूड चालत नाही. आता 'परराज्यातील गिऱ्हाइकांची बिले' या मथळ्याखाली डोळ्यांना पुरेशी दिसणारी रेघ मारली, तरी आखूड असल्याची तक्रार येते, कारण काना, मात्रा, वेलांटी वेगळी अक्षरं म्हणून मोजली जातात. उपाय गावठी आहे. रेघ लांबच लांब ओढून द्या, जास्त झाली तर काही म्हणत नाही. ज्यांचा हात मार्कडाउनवर, म्हणजे त्याहून सोप्या खुणांच्या लिखाणावर, बसलाय त्यांनी मिस्ट नावाचं एक्स्टेन्शन लावावं. माझ्यासोबतच्या धाकट्या प्रोग्रामरने ते लावून घेतलं आणि त्यानंतरच तो लिहायला लागला.

पहिली पुस्तिका बांधून झाली तेव्हा दिसायला झकास होती. डावीकडे अनुक्रम, प्रत्येक फंक्शनचं नाव, त्याला काय काय द्यायचं त्याची यादी, आणि खुलाशाच्या जागी शून्य. टेलिफोन डिरेक्टरीच ती, नावं भरपूर आणि माणूस कोण ते कळायची सोय नाही. बरेच जण इथवर येतात, साहेबाला दाखवतात, 'डॉक्युमेंटेशन झालं' म्हणतात आणि थांबतात. स्फिंक्सला नावं ठेवणारे मला भेटले ते बहुतेक याच मुक्कामावरून परतलेले.

धाकट्याने यावर तोडगा काढला. एका दुपारी त्याने एआयकडून सगळ्या फंक्शनांना डॉकस्ट्रिंग लिहून घेतल्या. भाषा एकदम साफ. एक अशी होती: 'वजनातून ०.६ वजा करते आणि उरलेलं वजन परत देते.' अरे बाबा, वजा करते ते मलाही दिसून राहिलं. काऊन वजा करते? ते कोडमध्ये कुठे लिहिलेलंच नव्हतं, मग वाचणारा माणूस असो की मशीन, त्याला ते सापडणार कुठून? फंक्शनला काय द्यायचं आणि काय परत मिळतं याची वर्णनं मी त्यातली ठेवली, ती बरी होती. बाकीचं काढायला लावलं. कोड वाचून जे कळतं तेच पुन्हा मराठीत सांगणारी ओळ माझ्या मते जागा अडवते, आणि पुढे कोड बदललं की ती खोटी पडते ते वेगळंच.

इथे स्फिंक्सचं एक छोटं एक्स्टेन्शन कामी आलं, ज्याच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही: टूडू. जिथे 'का' कळत नाही तिथे कोडमध्येच प्रश्न लिहून ठेवायचा. पुस्तिका बांधताना सगळे प्रश्न एका पानावर गोळा होतात, कुठल्या फायलीतले त्याच्या दुव्यासकट. ते पान मी छापलं आणि मुनीमजींच्या गल्ल्याशेजारी जाऊन बसले. मुनीमजींनी आयुष्यात प्रोग्राम पाहिलेला नाही, पण या प्रोग्रामातला प्रत्येक आकडा कधी ना कधी त्यांच्याच तोंडून निघालेला आहे.

"०.६ म्हणजे बारदाना, ताई. तागाच्या पोत्याचं वजन."

मी लिहून घेतलं. ते चष्मा वर सरकवून म्हणाले, "आता तर मिरची प्लास्टिकच्या पोत्यात येते. ते हलकं राहते."

मग अजून ०.६ का कापता?

"बालाघाटवाल्याईले सवय पडली नं. कापणं कमी केलं तर म्हणतील, शेठनं भाव वाढवला."

म्हणजे तो आकडा पोत्याचं वजन होता, आता राहिलेला नाही; आता ती रीत आहे. कोणी हुशार पोरगा उद्या गोदामात जाऊन प्लास्टिकचं पोतं काट्यावर ठेवेल, ०.६ चूक आहे म्हणून दुरुस्त करेल आणि बालाघाटचं गिऱ्हाईक तुटेल. डॉकस्ट्रिंगमध्ये आता लिहिलंय: बारदान्याची कपात, तागाच्या पोत्याच्या काळातली, धंद्याची रीत म्हणून कायम, मोजून बदलू नये, मालकांना विचारावं. चार ओळी. फंक्शन स्वतः एका ओळीचं आहे.

दुसरा प्रश्न '२७'चा होता आणि तो सोपा निघाला. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन अंक राज्याचे असतात, २७ महाराष्ट्र, २३ मध्य प्रदेश, २२ छत्तीसगड. २७ असेल तर केंद्राचा आणि राज्याचा कर अर्धा-अर्धा लागतो, नसेल तर आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या विक्रीचा एकत्र कर. हे मला माहीत होतं, धाकट्याला नव्हतं. तिसरा प्रश्न एका गिऱ्हाइकाच्या क्रमांकाचा. त्या एकालाच उधारीची मर्यादा लागत नव्हती, थेट कोडमध्ये क्रमांक घालून सूट दिलेली. मुनीमजी हसायला लागले. "ते शेठजीचे साडभाऊ." हे जसंच्या तसं लिहिता येत नाही. 'मालकांच्या सूचनेवरून उधारीची मर्यादा लागू नाही' असं लिहिलं. काही प्रश्नांना मुनीमजींकडेही उत्तर नव्हतं. ते अजून त्या पानावर आहेत, आणि कोणीही पुस्तिका उघडली की दिसतात. मला ते चालतं. काय माहीत नाही याची यादी असणं हीसुद्धा माहितीच आहे.

आता ज्या भागासाठी मी हे साधन कोणालाही सुचवेन तो. बिलाची एकूण रक्कम रुपयात पूर्ण करणारी एक ओळ होती: रकमेत ०.५ मिळवा आणि खालचा पूर्णांक घ्या. धाकट्याला ती गबाळी वाटली. पायथनमध्ये 'राउंड' तयार असताना हा द्राविडी प्राणायाम कशाला? कोणत्याही चांगल्या प्रोग्रामरला असंच वाटेल. पण पायथन ३ चं राउंड बरोबर अर्ध्यावर आलेली संख्या जवळच्या सम अंकाकडे नेतं. २.५ चे २ होतात, ३.५ चे ४. याला बँकर्स राउंडिंग म्हणतात. खूप संख्यांची बेरीज करताना फरक एकाच बाजूला साचू नये म्हणून ही रीत आहे आणि तिथे ती योग्यच आहे. मस्कासाथमध्ये नाही. जीएसटी कायद्याचं कलम १७० कराची रक्कम पूर्ण रुपयात धरायला सांगतं: ५० पैसे किंवा जास्त असतील तर वरचा रुपया, कमी असतील तर सोडून द्या. आमचं बिलही त्याच रीतीने पूर्ण होतं. म्हणजे १०४२.५० चे १०४३ व्हायला हवेत. राउंड १०४२ देतं. आणि १०४३.५० ला दोन्ही रीतींनी १०४४ च येतात. फरक पडतो तो पैसे बरोबर ५० असतील आणि रुपये सम असतील तेव्हाच. असली चूक दोन-चार बिलं करून बघितली तर सापडत नाही. ती सापडते महिनाअखेरीला, एका रुपयाच्या फरकाने, आणि मग मुनीमजी जेवायला जात नाहीत.

'इथे राउंड वापरू नका' आणि त्याचं कारण लिहायला दोन वाक्यं लागली. पण लिहिलेलं वाचलं जाईलच याची हमी काय? त्यासाठी डॉकटेस्ट आहे. टिम पीटर्स यांचं हे मॉड्यूल २००१ च्या पायथन २.१ पासून भाषेसोबतच येतं. डॉकस्ट्रिंगमध्ये उदाहरण लिहायचं, १०४२.५० दिले तर १०४३ मिळतात. स्फिंक्सला डॉकटेस्ट करायला सांगितलं की ते प्रत्येक उदाहरण खरोखर चालवतं आणि उत्तर जुळलं नाही तर तिथेच नापास करतं. आम्ही हे गिटच्या हुकमध्ये, म्हणजे कोडमधला बदल नोंदवताना आपोआप चालणाऱ्या तपासणीत, टाकलं, सोबत इशाऱ्यालाही चूक धरणारा 'डब्ल्यू' पर्याय. आता पुस्तिकेतलं उदाहरण मोडून कोड पुढे जात नाही. धाकट्याने मुद्दाम राउंड लावून पाहिलं. अपेक्षित १०४३, मिळाले १०४२.

"मॅडम, हे पुस्तक तर भांडून राहिलं!"

भांडायलाच ठेवलंय. पायथनच्या शैलीचे नियम ज्यात आहेत त्या पेप ८ मध्ये म्हटलंय की कोडशी न जुळणारी टिप्पणी ही टिप्पणी नसण्याहून वाईट. डॉकटेस्ट ती फारकत उदाहरणांपुरती पकडतं. वाक्यांची फारकत पकडणारं काही नाही. बारदान्याची रीत उद्या बदलली आणि डॉकस्ट्रिंग तशीच राहिली तर स्फिंक्सला त्याचा पत्ता लागणार नाही.

खुलासा कोडजवळच हवा यावर मी इतकी अडून का बसते, असं धाकट्याने विचारलं तेव्हा त्याला एरियन ५ या युरोपीय रॉकेटची गोष्ट सांगितली. ४ जून १९९६, फ्रेंच गयानातलं कुरू. पहिलंच उड्डाण, आणि उड्डाणाचा क्रम सुरू झाल्यापासून ४० सेकंदांच्या आसपास रॉकेट फुटलं. दिशा सांभाळणाऱ्या यंत्रणेचं सॉफ्टवेअर एरियन ४ वरून उचललेलं होतं. ६४ बिटांची दशांशी संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात बसवताना मावली नाही, कारण नव्या रॉकेटचा आडवा वेग जुन्यापेक्षा बराच जास्त होता. असा धोका सात चलांना होता. चारांना संरक्षण दिलं, तीन उघडी ठेवली, कारण प्रोसेसरवरचा भार ८० टक्क्यांच्या आत ठेवायचं ठरलं होतं. निर्णय विचार करून, सगळ्यांच्या संमतीने घेतलेला. पण चौकशी मंडळाने अहवालात लिहिलं की त्या निर्णयाचं कारण मूळ कोडमध्ये थेट कुठे सापडलं नाही, आणि एवढ्या मोठ्या प्रकल्पाच्या कागदपत्रांमध्ये ते बाहेरच्या तपासणाऱ्यांच्या नजरेआड गेलं. कागद कमी नव्हते, दुसऱ्या कपाटात होते. उघडं चल ज्या ओळीत होतं त्याच्या शेजारी 'एरियन ४ च्या वेगाला हे पुरतं' एवढं असतं तर नव्या रॉकेटवर बसवताना कोणीतरी अडखळलं असतं, असं मला वाटतं.

आमच्याकडची कसोटी सप्टेंबर २०२५ मध्ये लागली. ३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेची बैठक झाली, नवे दर २२ सप्टेंबरपासून, म्हणजे घटस्थापनेच्या दिवसापासून. बदाम, पिस्ते, खजूर १२ टक्क्यांवरून ५ वर आले. काजू आणि मसाले आधीपासूनच ५ वर होते. समोर दिवाळी. पुस्तिकेत 'दर कुठून येतो' नावाचं पान होतं. कराचा दर हा वस्तूला चिकटवलेला नाही, तो वस्तू आणि तारीख मिळून ठरतो. जुनी ओळ पुसायची नाही, तिला शेवटची तारीख घालायची आणि खाली नवी ओळ टाकायची. कारण जुनं बिल पुन्हा छापलं तर ते जुन्याच दराने निघालं पाहिजे. मी त्या आठवड्यात वर्ध्याला होते. धाकट्याने पान वाचून एकट्याने बदल केला, 'व्हर्जनचेंज्ड'ची खूण टाकून तारीख आणि कारण लिहिलं, डॉकटेस्टमध्ये २१ आणि २२ सप्टेंबरची दोन उदाहरणं घातली. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

फोन एकदाच आला. जुन्या दराने विकलेला बदाम आता परत आला तर क्रेडिट नोट कोणत्या दराने? मूळ बिलाच्या. याचं उत्तर त्याच पानावर, थोडं खाली होतं. त्याने शोधपेटीत 'परतीचा माल' टाकलं होतं आणि पानावर 'परत आलेल्या मालाचे' होतं. ही स्फिंक्सची सगळ्यात मोठी उणीव, निदान आपल्यासाठी. इंग्रजी, जर्मन, फ्रेंच वगैरे भाषांचे शब्द कसे वळतात ते त्याच्या शोधाला कळतं. मराठीचे प्रत्यय कळत नाहीत. माल, मालाचा, मालाला ही त्याच्या लेखी परकी माणसं. मार्ग एकच, महत्त्वाच्या शब्दांच्या नोंदी हाताने सूचीत घालणं. त्यासाठी इंडेक्सची सोय आहे आणि ती चांगली चालते, पण ते कंटाळवाणं काम आहे. आम्ही नियमांची पानं मराठीत ठेवली आणि फंक्शनांचे तपशील इंग्रजीत. पुढचा प्रोग्रामर कुठून येईल सांगता येत नाही, मुनीमजी मात्र इथेच आहेत.

मुनीमजींसाठीच पीडीएफ काढली. मराठी पीडीएफ हवी असेल तर कॉन्फिगरेशनमध्ये लॅटेकचं, म्हणजे छपाईची पानं जुळवणाऱ्या प्रणालीचं, इंजिन बदलून झेलॅटेक करा आणि देवनागरी फाँटचं नाव द्या, ठरलेल्या इंजिनावर देवनागरी निघत नाही. लॅटेकचं गाठोडं प्रचंड मोठं, दुकानाच्या इंटरनेटवर ते उतरायला रात्र लागली. मग सीताबर्डीवर झेरॉक्सवाल्याकडून छापून स्पायरल बाइंडिंग केलं. मुनीमजी पडद्यावर वाचत नाहीत. कागद त्यांनी दुपारच्या सुस्तीत, कूलरसमोर बसून, पहिल्या पानापासून वाचला आणि लाल पेनने बारदान्याच्या पानावर लिहून दिलं की धन्याचं पोतं मोठं असते, त्याची कापणी वेगळी. आम्ही जाऊन पाहिलं. कोडमध्ये धन्याला वेगळा आकडा खरोखरच होता, दुसऱ्याच फायलीत, बिनखुलाशाचा. मोठमोठ्या कंपन्यांत कोड रिव्ह्यू करणाऱ्यांना एवढी नजर असेल तर मला बघायला आवडेल.

दुसरं काही घ्यावं का? नुसती मार्कडाउनची पानं हवी असतील, डॉकस्ट्रिंगची गरज नसेल, तर एमकेडॉक्स सोपं आहे आणि दिसतंही छान. सी प्लस प्लस असेल तर डॉक्सिजन. १९९७ पासून आहे, दिमित्री व्हान हीश यांचं. स्फिंक्सचा ऑटोडॉक पायथनसाठीच आहे. तुमचं दुकान पीएचपीवर किंवा जुन्या फॉक्सप्रोवर चालत असेल तर पानं लिहिता येतील, पण माझ्या दृष्टीने मुख्य फायदा गेला. दोनशे ओळींच्या एकट्या स्क्रिप्टला तर एक रीडमी, म्हणजे सोबतची एक माहितीची फाइल पुरे, तिथे स्फिंक्स बसवणं म्हणजे उगाच हौस. आणि शेअर्ड ड्राइव्हवर 'फायनल २ नवीन' नावाची वर्डची फाइल ठेवणाऱ्यांना मी काही सांगत नाही.

गुण द्यायचे तर पाचपैकी चार. एक मराठी शोधासाठी कापला. रीस्ट्रक्चर्डटेक्स्टसाठी अर्धा कापणार होते, पण मिस्टमुळे सोडून दिला. शेठजींच्या हिशेबात यातून बिल लवकर निघत नाही, म्हणून देखभालीच्या रकमेत पुस्तिकेची वेगळी ओळ लावली तेव्हा त्यांनी ती अर्धी केली. काढली मात्र नाही.

घेणाऱ्यांनी आवृत्तीचा आकडा रिक्वायरमेंट्सच्या फायलीत, म्हणजे लागणाऱ्या लायब्रऱ्यांच्या यादीत, पक्का लिहून ठेवावा. स्फिंक्स ८ ला पायथन ३.१० किंवा पुढचं लागतं, आणि आपल्याकडच्या दुकानांत अजून विंडोज ७ ची मशिनं आहेत, ज्यांच्यावर पायथन ३.८ च्या पुढे जात नाही. ३.८ वर चालणारी शेवटची मालिका ७.१. मस्कासाथला तीच बसवली आहे, आणि का बसवली ते रिक्वायरमेंट्सच्या त्याच ओळीवर टिप्पणीत लिहिलं आहे.